कनेक्टिंग रॉडचं वजन

स्मरणिका समितीने ग्रुपवर लिहिलं, "फक्त शाळेच्या आठवणी नकोत, त्या सगळ्यांच्या सारख्याच निघतात. आपापल्या विषयाचा इतिहास लिहा." माझा विषय म्हणाल तर गेली बावीस-तेवीस वर्षं मी बँकांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. त्याचा इतिहास लिहिला तर कोणी वाचणार नाही. पण माझी पदवी मेकॅनिकलची आहे. ती शाखा मी का घेतली याचं कारण आपण नववीत असताना घडलेल्या एका घटनेत आहे. म्हणून या लेखात मोटारीच्या इंजिनातल्या कनेक्टिंग रॉडचा इतिहास सांगते. कंटाळा आला तर दोष समितीला द्यावा.

घटना 1994 सालची. जुलैत एका दिवशी धो धो पाऊस पडला, गांधी मार्केटला नेहमीप्रमाणे पाणी तुंबलं आणि आमच्या चाळीतल्या टॅक्सीवाल्या काकांची पद्मिनी त्यात बंद पडली. त्यांचा मुलगा आपल्याच वर्गात होता. नाव लिहीत नाही, बॅचमधल्या सगळ्यांना कळेल. इंजिन खोललं तेव्हा तिसऱ्या सिलिंडरचा कनेक्टिंग रॉड वाकलेला निघाला. माझे बाबा कुर्ल्याच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये टर्नर होते. दोघांनी भंगार बाजारातून एक जुना रॉड आणला. तो बाकीच्या तिघांपेक्षा 28 ग्रॅम जड होता. बाबांनी ग्राइंडरवर घासून त्याचं वजन बरोबर केलं. डिसेंबरमध्ये सायनजवळ, गाडी वेगात असताना, तोच रॉड तुटला आणि ब्लॉकला भोक पाडून बाहेर आला.

पुढचं शेवटी सांगते. आधी हा रॉड काय असतो आणि त्याचं वजन कमी करायला जगाला इतकी वर्षं का लागली, ते पाहू.

शिवणयंत्रापासून सुरुवात

आपल्या आयांकडे पायाचं शिवणयंत्र होतं. पायडल वर-खाली होतं आणि बाजूचं मोठं चाक गोल फिरतं. त्या दोघांना जोडणारा जो लांब दांडा, तोच कनेक्टिंग रॉड. वर-खाली हालचालीचं गोल फिरण्यात रूपांतर करायचं, किंवा उलट, एवढंच त्याचं काम. इंजिनात पायडलच्या जागी पिस्टन आणि चाकाच्या जागी क्रँकशाफ्ट असतो.

ही कल्पना फार जुनी आहे. आजच्या तुर्कस्तानातल्या हिएरापोलिस इथे सापडलेल्या तिसऱ्या शतकातल्या एका दगडी शवपेटीवर पाणचक्कीवर चालणारी दगड कापायची करवत कोरलेली आहे, आणि तिला क्रँक आणि रॉड आहेत. 1206 साली अल-जझारीने आपल्या ग्रंथात अशाच जोडणीवर चालणारा दोन सिलिंडरचा पंप वर्णन केला. जेम्स वॉटला मात्र वाफेच्या इंजिनावर ही साधी जोडणी वापरता आली नाही, कारण 1780 मध्ये जेम्स पिकार्डने तिचं पेटंट घेऊन ठेवलं होतं. वॉटला दातेरी चाकांची वेगळीच युक्ती काढावी लागली.

या सगळ्या काळात रॉडच्या वजनाची कोणी फिकीर केली नाही. यंत्रं सावकाश चालत होती. जाड दांडा म्हणजे मजबूत दांडा, हा हिशेब पुरेसा होता.

रुळांवर पडणारे घाव

तो हिशेब पहिल्यांदा चुकला तो रेल्वेत. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. 1879 मध्ये जीआयपी रेल्वेचा परळचा कारखाना उभा राहिला आणि तिथे वाफेच्या इंजिनांची दुरुस्ती होऊ लागली. आपल्या वडाळ्यातून हार्बरची लाइन 1910 मध्ये गेली. 1915 पासून पोर्ट ट्रस्टची स्वतःची रेल्वे होती, तिचं यार्डही वडाळ्यालाच. म्हणजे शाळेत बसून आपण ज्या रुळांचा आवाज ऐकायचो, त्यांच्यावर एके काळी रॉडवाली इंजिनं चालत होती.

वाफेच्या इंजिनाच्या चाकांना बाहेरून जोडलेले लांबलचक लोखंडी दांडे तुम्ही चित्रात तरी पाहिले असतील. त्यांचं वजन शेकड्यांनी किलो. हे वजन पुढे-मागे होताना सगळं इंजिन हिसकत होतं. ते थोपवायला चाकात अर्धचंद्रासारखं जड लोखंड बसवत. पण हे लोखंड चाकाबरोबर गोल फिरतं. पुढे-मागेचा हिसका ते भरून काढतं खरं, पण स्वतः वर-खाली होताना प्रत्येक फेरीला रुळावर दाब टाकतं. इंग्रज इंजिनीअर त्याला हॅमर ब्लो म्हणत, म्हणजे हातोड्याचा घाव. वेग दुप्पट झाला की घाव चौपट. रूळ वाकू लागले, पुलांची काळजी वाटू लागली. ब्रिटनमध्ये त्यासाठी खास समिती नेमली गेली आणि तिचा अहवाल 1928 मध्ये आला.

उपाय एकच होता. रॉडच हलका करायचा. त्याच्या दोन्ही बाजूंनी खोबण काढून त्याचा छेद इंग्रजी 'आय' अक्षरासारखा केला गेला. दांडा दाबला गेला की तो बाजूला वाकू पाहतो, आणि वाकण्याला विरोध करायला मधल्या धातूपेक्षा कडेचा धातू जास्त उपयोगी पडतो. म्हणून मधला काढला तरी चालतो. घराच्या स्लॅबखालचा लोखंडी गर्डर याच कारणाने त्या आकाराचा असतो. पुढे 1930च्या दशकात अमेरिकेत टिमकेन कंपनीने मिश्र पोलादाचे खास हलके रॉड बनवले.

याच काळात वडाळ्याने वेगळाच उपाय पाहिला. 3 फेब्रुवारी 1925 ला देशातली पहिली विजेवर चालणारी गाडी व्हीटीहून कुर्ल्याला हार्बर मार्गाने, म्हणजे आपल्या वडाळ्यावरूनच गेली. विजेच्या मोटरला पिस्टन नाही, त्यामुळे पुढे-मागे होणारं काहीच नाही.

पोलाद थकतं

दरम्यान रेल्वेनेच आणखी एक धडा शिकवला. 8 मे 1842 ला व्हर्सायहून पॅरिसला परतणारी गाडी घसरली, तिला आग लागली आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. कारण होतं इंजिनाचा तुटलेला आस. ज्या भाराखाली तो रोज धावत होता, त्याच भाराखाली तो एक दिवस तुटला. हे कसं, याचा शोध पुढे जर्मनीत ऑगस्ट व्होलर या रेल्वे इंजिनीअरने घेतला. त्याने 1850 आणि 1860च्या दशकांत आसांवर पुन्हा पुन्हा भार टाकून ते किती फेऱ्यांनी तुटतात ते मोजलं. निष्कर्ष असा, की एका झटक्यात जो भार पोलाद सहज पेलतं, तोच लाखो वेळा दिला तर ते तुटू शकतं. आणि हे तुटणं बहुतेक वेळा पृष्ठभागावर सुरू होतं. एखादा ओरखडा, एखादा धारदार कोपरा, तिथे ताण गोळा होतो, केसाएवढी चीर पडते आणि प्रत्येक फेरीला थोडी थोडी पुढे सरकते. याला इंग्रजीत फटीग म्हणतात, आपण थकवा म्हणू.

कुर्ल्याची पद्मिनी

आता मोटारीकडे येऊ. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, तिचा कारखाना कुर्ल्याला. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीची ओळख झालेली पद्मिनी तिथली, मूळ फियाट 1100. इंजिन 1089 सीसीचं. सिलिंडरचा व्यास 68 मिलिमीटर, पिस्टनची धाव 75 मिलिमीटर, आणि पूर्ण ताकद मिनिटाला 4800 फेऱ्यांना. म्हणजे सेकंदाला 80 फेरे. प्रत्येक फेऱ्यात पिस्टन वर जाऊन थांबतो, खाली येतो, पुन्हा थांबतो.

हे थांबवण्याचं काम रॉडचं. अकरावीच्या भौतिकशास्त्राने हिशेब करता येतो. या वेगाला, पिस्टन अगदी वर असताना, त्याच्याबरोबर हलणारे प्रत्येक 100 ग्रॅम रॉडला सुमारे सव्वाशे किलोंच्या जोराने ओढतात. शेतातल्या डिझेल पंपाचं इंजिन घ्या, 110 मिलिमीटर धाव आणि मिनिटाला 1500 फेरे. तिथे हेच 100 ग्रॅम सतरा-अठरा किलोंनीच ओढतात. म्हणून पंपाच्या इंजिनाचा रॉड जाडजूड असला तरी बिघडत नाही, मोटारीत बिघडतं.

रॉडवर दोन उलट प्रकारचे भार येतात. पेट्रोलचा भडका उडाला की पिस्टन त्याला वरून दाबतो. आणि धूर बाहेर टाकून पिस्टन वर पोचतो तेव्हा वरून दाबणारं काही नसतं, पिस्टन आपल्याच वेगाने रॉडला ताणतो. काकांच्या टॅक्सीने हे दोन्ही दाखवले. जुलैत सिलिंडरमध्ये पाणी शिरलं. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, म्हणून पहिला रॉड दाबाने वाकला. डिसेंबरमध्ये दुसरा ताणाने तुटला.

यात एक गंमत आहे. रॉडला ताणणाऱ्या वजनात रॉडचं स्वतःचं वजनही असतं. म्हणजे रॉड हलका केला की त्याच्यावरचा भारही कमी होतो. शिवाय बेअरिंगवरचा भार कमी, क्रँकशाफ्टवरची समतोलाची वजनं कमी, मग ब्लॉकही हलका करता येतो. रॉडमधल्या एका ग्रॅमची बचत इंजिनभर पसरते. म्हणून गेली शंभर वर्षं इंजिनीअर या एका तुकड्याच्या मागे लागले आहेत.

पण नुसता धातू खरवडून हे जमत नाही. एका बाजूला भार कमी होतो, तर दुसऱ्या बाजूला भार पेलणारा धातूही कमी होतो. हे साधलं ते इतर गोष्टी सुधारल्यामुळे.

पहिली गोष्ट घडाई. तापलेलं पोलाद साच्यात ठोकलं की त्याचे तंतू आकाराच्या वळणाने वळतात, लाकडाच्या रेषांसारखे. आडवा कापलेला तंतू कमजोर, लांबीत वळलेला मजबूत. या कामात महाराष्ट्राचं नाव मोठं आहे. नीळकंठराव कल्याणी यांनी 1961 मध्ये पुण्यात भारत फोर्ज स्थापन केली. मुंढव्याच्या कारखान्यात घडलेले क्रँकशाफ्ट, अ‍ॅक्सल बीम आणि कनेक्टिंग रॉड आज परदेशी इंजिनांतही जातात.

दुसरी गोष्ट पृष्ठभाग. दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांच्या इंजिनांचे रॉड सगळीकडून घासून चकचकीत पॉलिश केलेले असत. शोभेसाठी नाही, चीर सुरू व्हायला जागाच राहू नये म्हणून. त्याच सुमारास जनरल मोटर्समधल्या जॉन आल्मेनने शॉट पीनिंगचा अभ्यास केला. पोलादाच्या बारीक गोळ्यांचा मारा केला की वरचा थर दाबून बसतो, आणि दाबलेल्या थरात चीर उघडू शकत नाही.

तिसरी गोष्ट सारखेपणा. इंजिनातले सगळे रॉड एकाच वजनाचे नसले तर गाडी थरथरते. पद्मिनीच्या 4800 फेऱ्यांना 28 ग्रॅमचा फरक म्हणजे तीसएक किलोंचा झटका. पूर्वी रॉडच्या दोन्ही टोकांना मुद्दाम जास्तीच्या धातूचा उंचवटा ठेवत आणि तोच घासून वजन जुळवत. म्हणजे फक्त जुळवाजुळवीसाठी प्रत्येक रॉड थोडा जड ठेवावा लागे. 1970च्या दशकात पोर्शे 928 मध्ये धातूच्या भुकटीपासून घडवलेले रॉड आले. भुकटी आधीच काट्यावर मोजून घ्यायची, म्हणजे उंचवट्याची गरजच नाही. पुढे रॉडचं मोठं टोक करवतीने कापण्याऐवजी मुद्दाम तडकवून दोन भाग करू लागले. तुटलेल्या खडबडीत कडा एकमेकींत इतक्या तंतोतंत बसतात की भाग जागेवरून हलत नाहीत.

चौथी गोष्ट धातू. 1990 मध्ये होंडाने एनएसएक्स गाडीत टायटॅनियमचे रॉड बसवले. टायटॅनियमचं वजन पोलादाच्या निम्म्याहून थोडंसं जास्त. पण ते महाग, ताणाला पोलादाच्या जवळजवळ दुप्पट लांबतं आणि घासलं की लवकर चिकटतं, म्हणून रोजच्या गाडीत पोलादच टिकलं.

आणि पाचवी गोष्ट गणित. 1956 मध्ये टर्नर, क्लफ आणि सहकाऱ्यांनी विमानाच्या सांगाड्यासाठी एक पद्धत मांडली. वस्तूचे मनाने हजारो बारीक तुकडे करायचे आणि प्रत्येकातला ताण संगणकाने काढायचा. 1960 मध्ये क्लफने तिला फायनाइट एलिमेंट हे नाव दिलं. आता पडद्यावर रॉडचा ताण रंगांत दिसतो, लाल जागी हात लावायचा नाही, निळ्या जागचा धातू काढायचा. पूर्वी हे रॉड तुटल्यावरच कळायचं.

अठ्ठावीस ग्रॅम

व्ही.जे.टी.आय.ला असताना आमच्या लॅबमध्ये थकव्याच्या चाचणीचं यंत्र होतं. पोलादाची गुळगुळीत कांडी लावली की ती फिरत राहायची. तशाच दुसऱ्या कांडीवर सरांनी कानशीने एक आडवी रेघ मारून दिली. ती कितीतरी आधी तुटली. त्या दिवशी घरी येऊन मी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. काकांच्या टॅक्सीतल्या तुटलेल्या रॉडचा अर्धा भाग बाबांनी त्यात ठेवला होता. कशाला, हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

तुटलेल्या जागी ओहोटीच्या वाळूवर उरतात तशा एकामागे एक वळणदार रेघा होत्या, आणि पुढचा भाग एकदम खडबडीत. रेघांचा उगम दांड्याच्या कडेला होता, ग्राइंडरच्या एका आडव्या ओरखड्यात. शेजारी निळसर झाक होती, घासताना धातू तापल्याची खूण. बाबांनी टोकाच्या उंचवट्यावरून वजन न काढता दांड्याच्या कडेवरून काढलं होतं, आणि तेही जाड्या चाकाने, आडवं. चीर तिथे सुरू झाली आणि काका हायवेवर जेव्हा जेव्हा गाडी पळवत, तेव्हा तेव्हा थोडी सरकत गेली.

मी बाबांना रेघा दाखवल्या. ते म्हणाले, "मला माहीत आहे. तेव्हाच दिसलं होतं." मग कळलं, की त्या डिसेंबरनंतर वर्कशॉपमध्ये नव्या पोरांना ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत असत, "रेघ लांबीत पाड, आडवी नको." कारण कधीच सांगितलं नाही.

काकांची टॅक्सी अठरा दिवस बंद होती. दुसरं जुनं इंजिन घ्यावं लागलं. त्यातले काही पैसे बाबांनी दिले, उसने म्हणून, आणि परत घेतले नाहीत. काका चाळीत सगळ्यांना सांगत राहिले, "जुना रॉड होता, तुटला." बाबांनी ते खोडून काढलं नाही. त्या वर्षी आपला तो मित्र सहलीला आला नाही. आपण त्याला कंजूष म्हणून चिडवलं. मीही चिडवलं. आमच्या घरात काय झालं होतं हे अर्धवट ठाऊक असूनही.

आज रस्त्यावर ती गाडी नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी थांबली. बेस्टच्या विजेवरच्या बसमध्ये आणि नव्या इलेक्ट्रिक गाड्यांत कनेक्टिंग रॉडच नाही. 1925 मध्ये वडाळ्यावरून जे पहिल्यांदा गेलं, ते आता रस्त्यावर आलं आहे. आणखी काही वर्षांनी आपल्या मुलांच्या मुलांना हा तुकडा म्युझियममध्ये दाखवावा लागेल.

माझ्या कामात रॉड नाहीत, पण जुन्या प्रोग्राममधली एखादी ओळ निरुपयोगी वाटली आणि काढायला हात गेला की मी थांबते. तिच्यावर कुठला भार येतो ते आधी बघते. वजन कमी करणं सोपं असतं. कुठून कमी करायचं, हे कळायला माणसांना शंभर वर्षं आणि बरेच तुटलेले रॉड लागले. त्यातला एक आमच्या घरातला.

लेख लिहायच्या आधी बाबांना विचारलं, लिहू का? ते आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "लिही. पण वजन बरोबर लिही. अठ्ठावीस ग्रॅम होतं."

तर मित्रा, तुझ्यासाठी एवढंच. रॉड जुना होता म्हणून तुटला नाही. तुझ्या बाबांनी तीस वर्षं माझ्या बाबांची बाजू सांभाळली, आता खरं काय ते छापून येऊ दे. संमेलनाला बाबा माझ्याबरोबर येणार आहेत. त्यांना काकांना भेटायचं आहे. काकांनाही घेऊन ये.